उन्हात दाबलेलं शून्य

"मग सही करू?" सरांनी बंगळुरूहून फोनवर विचारलं. "रिपोर्ट गेला की सेन्सर कायमचा बंद."

"करा सर. तो खराबच आहे," मी चिखलीहून ठासून सांगितलं. चुलतभावाच्या लग्नासाठी सुट्टीवर आले होते, पण लॅपटॉप सोबत होताच.

"आपल्या टीमची चार वर्षं आहेत त्यात. संध्याकाळपर्यंत पुन्हा बघ."

आमच्या उपग्रहावर अ‍ॅक्सेलेरोमीटर आहे. तिथल्या विरळ हवेचा उपग्रहाला बसणारा बारीकसा धक्का तो मोजतो. पण धक्का नसतानाही तो थोडा आकडा दाखवतो. ही त्याची खोट, म्हणजे बायस. ती शोधायला उपग्रह बरोबर उलटा फिरवतात. खरा धक्का उलट दिशेने दिसतो, खोट तशीच राहते. दोन्ही आकड्यांची बेरीज निम्मी केली की खोट सापडते. मी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा खोट वेगळी आली. चूक माझी असेल असं मनातही आलं नाही. आपण हुशार ना!

डोकं भणभणलं म्हणून काकांच्या अडत दुकानावर गेले. सोयाबीनचा इलेक्ट्रॉनिक काटा नुकताच अंगणातून आत आणला होता. रिकामा असूनही आकडा दाखवत होता.

"शकीलभाईले बोलावलं हाय," काका म्हणाले.

"त्यात काय, मी करते." मी रुबाबात शून्याचं बटण दाबलं.

"आमची पोरगी आभायातले काटे पाहते!" काकांनी सगळ्यांना ऐकवलं. पाच मिनिटांत काटा पुन्हा भलताच आकडा दाखवू लागला. तेवढ्यात काटे दुरुस्त करणारे शकीलभाई आले.

"शून्य कोनं दाबलं?"

"मी."

"काऊन? काटा आत्ताच उन्हातून आणला ना? अंदरचा वजन मोजनारा सेल गरम हाय. थंडा तं होऊ द्या ताई, मंग दाबा. हे आम्ही नव्या मानसाले पहिल्या दिवशी सांगतो."

माझा चेहरा पडला. तशीच घरी पळाले. उपग्रह उलटा झाला की सेन्सरची बाजू उन्हात यायची आणि मी लगेच आकडा घ्यायची. तापला की त्याची खोट बदलत होती. डेटामध्ये तापमानाचा कॉलम होता. स्क्रीनवर गर्दी होते म्हणून मीच तो लपवला होता.

"सर, सही केली?" मी फोन लावून विचारलं.

"पेन हातात आहे."

"ठेवा खाली!"

दुसऱ्या दिवशी उपग्रह फिरवून तापमान स्थिर होऊ दिलं, मगच आकडे घेतले. तिन्ही वेळा खोट एकच आली. सेन्सर वाचला. मला रडूच आलं.

"रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण काय लिहू?" सरांनी विचारलं.

"ऑपरेटरची घाई."

"ऑपरेटर कोण?"

"मी."

त्यांनी तसंच लिहिलं, नावासकट. आता कुठलंही यंत्र खराब ठरवण्याआधी मी संशयितांच्या यादीत पहिलं नाव माझं घालते. बहुतेक वेळा यादी तिथेच संपते.