फ्रीझरमधली चप्पल

जगातली प्रत्येक वस्तू जन्मतः नापास असते आणि तिला पास व्हायची एक संधी द्यायला देवाने आपल्याला पाठवलंय, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमका तोच माझ्या लेकीचा सासरा निघाला. माझे व्याही चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. बाहेरून आलेला माल तपासायचा, चांगला असला तर हिरवं लेबल, नसला तर लाल. रिटायर झाले तेव्हा लेबलं कारखान्यातच राहिली, नजर मात्र ते घरी घेऊन आले. बागेतल्या बाकावर बसण्याआधी बाक हलवून बघणार, देवळात घंटा एकदा वाजवून तिच्या लोलकाकडे संशयाने पाहणार. माझ्या मीनलला बघायला आले तेव्हा एक प्रश्न विचारला नाही त्यांनी. ती चहाचा ट्रे घेऊन उंबरठा ओलांडून आली, एकाही बशीत थेंब सांडला नाही, आणि हे आमच्या विहीणबाईंच्या कानात म्हणाले, "माल ओके." अकरा मिनिटांत लग्न ठरलं. हे एवढ्यासाठी सांगते, की त्याच मीनलच्या गाडीला चार टायर निवडायला याच माणसाने साडेनऊ आठवडे घेतले.

वीस सालच्या मार्चमध्ये मी आणि व्याही आयर्लंडमधल्या ल्यूकनला आलो ते मुलांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. विहीणबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आमच्या ह्यांना नऊ. दीड महिन्याचे कपडे आणले होते. कोरोनाने विमानं बंद झाली आणि त्याच कपड्यांत दीड वर्ष काढलं, बरं का. जावई वरच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटरशी बोलायचे. मीनल औषधाच्या कारखान्यात, तिला घरून काम कसं जमणार? सकाळी सहाची शिफ्ट, म्हणजे सव्वापाचला घर सोडायचं. खाली स्वयंपाकघरात उरलो मी आणि व्याही. माझी प्रत्येक पोळी ते खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. शेवटी एकदा मी म्हणाले, "अहो, पोळी आहे ती, एक्स-रे नाही." तर शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, डाव्या अंगाला जाड आहे." आणि होती हो, तेच तर वाईट!

नोव्हेंबरात एक दिवस मीनल दुपारी घरी आली आणि वरण वाढून घेता घेता म्हणाली, "आज कालव्याच्या वळणावर जरा घसरली गाडी. पण आय अ‍ॅम ग्रँड." या देशात छप्पर उडालं तरी माणसं ग्रँडच, म्हणजे झकासच, असतात. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की रस्त्यावर न दिसणारा बर्फ होता, गाडी गर्रकन फिरली आणि कालव्याच्या काठावरच्या गवतात थांबली. पाणी पुढे दोन हात. व्याही म्हणाले, "कुठलं चाक आधी सरकलं?"

"बाबा, मी डोळे मिटले होते."

"ते चूक केलंस," म्हणाले, आणि पानावरून तसेच उठले. त्यांना ताटात टाकून उठताना मी त्याच दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी खोवलेला नारळ काढायला फ्रीझर उघडला, तर मेथीच्या पाकिटावर त्यांची डाव्या पायाची स्लीपर. शेजारी माझी गरम पाण्याची पिशवी, एक खोडरबर, आणि कुकरची रिंग! त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की थंडी सात अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता सोडतं. विंटर टायरचं रबर मऊच राहतं. आता हे वाचून तुम्ही-आम्ही दुकानात गेलो असतो. व्याह्यांनी आधी घरातलं सगळं रबर गोठवलं आणि दर दोन तासांनी अंगठ्याने दाबून वहीत लिहिलं. प्रयोगात स्लीपर पास झाली. रिंग तडकली. पुढे बारा दिवस मी पातेल्यात डाळ शिजवली आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग अंगठा घराबाहेर पडला. माकडटोपी घालून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गाडीपुढे हे उकिडवे बसायचे, टायर दाबायचे, मान हलवायची, पुढची गाडी. समोरच्या आयरिश आजीबाईंनी मला कुंपणावरून हाक मारली, "युअर मॅन काय शोधतोय?" इथे कुणाही पुरुषाला तसंच म्हणतात, हे मला काय माहीत! मी लालबुंद होऊन म्हणाले, "माय मॅन नाही हो, डॉटर्स फादर-इन-लॉ!" त्या म्हणाल्या, "ग्रँड."

टायरवाल्याचं दुकान जवळच होतं, त्यामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायच्या त्या बंदीतही जाता यायचं. दुकानदार पहाडासारखा, पण मऊ. त्याने समजावलं, की वर्षातून दोनच सकाळी इथे असा बर्फ होतो, विंटर टायर कुणी लावत नाही, बारमाही टायर घाला आणि निवांत राहा. व्याही म्हणाले, "त्या दोन सकाळींच्या तारखा लिहून द्या. सून तेवढी रजा घेईल." बिचाऱ्याने कुठून कुठून विंटर टायर मागवले. पण टायरच्या अंगावर तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली जन्मला ते चार आकड्यांत कोरलेलं असतं, आणि हे त्याने व्याह्यांना दाखवायला नको होतं. "हा एकोणीस सालच्या पाचव्या आठवड्यातला. इतके दिवस बिनलग्नाचा का राहिला?" म्हणून एक परत. दुसऱ्या खेपेला तीन एका आठवड्यातले आणि चौथा पुढच्या आठवड्यातला. "आठवडा बदलला की रबर ढवळणारा माणूस बदलतो," म्हणून चारही परत. तिसऱ्या खेपेला दुकानदार मला बाजूला घेऊन विचारू लागला, की हे गृहस्थ सरकारतर्फे आलेत का.

इकडे थंडी वाढत होती आणि टायर जुनेच होते. रोज पहाटे व्याही दारात, पास झालेली ती स्लीपर रस्त्यावर घासून बघायचे. घसरली की "रिजेक्ट! आज जायचं नाही." मीनल रडकुंडीला यायची. "बाबा, माझी बॅच लागलीय तिकडे, लोकांची औषधं आहेत!" जानेवारीतल्या एका सकाळी सगळं पांढरंधोप. ती किल्ली घेऊन बाहेर आली तर व्याही मागच्या सीटवर, मांडीवर दहा किलो बासमतीचं पोतं.

"बाबा, हे काय?"

"वजन. मागची बाजू हलकी पडते तुझी."

"उतरा ना! मला उशीर होतोय."

"तू पुढे बघ. आणि आज डोळे मिटू नकोस."

गेले की खरंच! वळणावर, मीनल सांगते, मागे त्यांच्या मिठीत पोत्यातला तांदूळ तेवढा करकरला. कारखान्याच्या दारात तिच्या लक्षात आलं, की आता हे परत कसे जाणार? "शिफ्ट सुटते किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं. आठ तास तो माणूस पार्किंगमध्ये पोतं आणि ब्लँकेट घेऊन बसला. म्हणजे बसला कुठला! सव्वादोनशे गाड्यांना अंगठा लावून आला. त्यातली एकच गाडी पास झाली. तिचा मालक, पोलंडचा एक मशीनवाला, शिफ्ट संपवून आला तर एक म्हातारा त्याच्या चाकापाशी हात जोडून उभा. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याला त्याहून बेताचं. व्याह्यांनी अंगठा दाबून दाखवला, त्याने दाबून दाखवला, झालं. त्याच्या देशात बर्फ म्हणजे चेष्टा नव्हे. त्याचा भाऊ टायरचंच काम करायचा, आणि त्या आठवड्यात चार टायर आले. एकाच आठवड्यात जन्मलेले.

ते बसवले आणि काय सांगू, थंडी पळाली. दोन आठवडे नुसता कोमट पाऊस. व्याही खिडकीत बसून आभाळाला नापास करत होते. मग एकदा पडलं दव गोठून. मीनल निघाली आणि आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून टेबलापाशी बसलो. पावणेसहाला मेसेज आला, "पोचले. हललीसुद्धा नाही." मी म्हणाले, "झालं ना आता समाधान? करा पास."

"टायर पास," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "मीनलची सासू गेली तेव्हा सगळे रिपोर्ट ओके होते हो. मीच तपासले होते." मी उठले आणि चहा टाकला.

ऊन तापल्यावर त्यांनी ते टायर काढून घेतले, धुतले, खडूने चाकांच्या जागा लिहिल्या आणि माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून शेडमध्ये ठेवले. सप्टेंबरात ते चिंचवडला परतले. मी मीनलसाठी मागे राहिले. आता थंडी पडल्यापासून सव्वापाचला, म्हणजे त्यांच्याकडे पावणेअकराला, त्यांचा फोन येतो. मीनलला नाही, ती गाडी चालवत असते; मला. "बर्फ आहे का?" नसला की "बरं, ठेवतो." असला तर तिचा मेसेज येईपर्यंत थांबतात. त्या अर्ध्या तासात त्यांच्या गल्लीतले खड्डे, डब्यातली बेचव भाजी, नव्या कामवालीच्या पोळीची जाडी, सगळ्याचा निकाल लागतो.

काल त्यांचा आवाज जरा बसलेला वाटला. विचारलं तर म्हणाले, मीनलच्या सुट्टीचे दोन दिवस फोन नाही, कामवालीही आली नाही, कुणाशी बोलणं झालं नाही, म्हणून असेल. मग नेहमीचं, "बर्फ आहे का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. रस्ता ओला होता, दिव्याखाली भुरभुर पाऊस पडत होता.

"आहे थोडा," मी म्हणाले.

"मग थांबतो," ते म्हणाले. "पोचू दे तिला."