समुद्राची राहिलेली ओटी

निम्म्या वाती वळून झाल्या होत्या, तेवढ्यात द्वारकाबाई दारात आल्या. हातात पिशवी, पिशवीत नारळ. माझ्या मांडीवरचा कापूस तसाच राहिला.

द्वारकाबाई आमच्या समोरच राहतात. मूळ देवगाव रंगारीच्या. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. मग वसतिगृहात भाकरी थापून एकुलत्या श्रीधरला शिकवलं. तो बोटीवर नोकरीला लागला तेव्हा समुद्र कधी न पाहिलेल्या या बाईनं समुद्रालाच नवस केला, "लेकराला सुखरूप ठेव, सून आली की तिच्या हातानं तुझी ओटी भरीन." स्वतःच्या हातानं नाही. विधवेनं ओटी भरायची नसते, हे त्यांना पक्कं पाठ.

श्रीधर आता अबर्डीनला असतो. ब्रिटनच्या पार उत्तरेचं जुनं बंदर. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान नेणाऱ्या बोटीवर त्याचं काम. द्वारकाबाई श्रावणात तिकडं गेल्या त्या खण, तांदूळ, नारळ बांधून घेऊनच. काल परतल्या.

"कसं आहे हो गाव?"

"समदी घरं करड्या दगडाची. रस्ता संपतो तिथं जहाजच उभं. पाखरं कोंबडीएवढी, हातातली पोळी पळवतात. अन् थंडी? श्रावणात स्वेटर, बाई!"

"आणि ओटी?"

"धक्क्यावर गेलो तिघं. सून म्हणाली, पाण्यात काही टाकलं की इथं लोक नावं ठेवतात. श्रीधर म्हणला, आई, मी जिताजागता उभा आहे ना? समुद्रानं काय केलं त्यात? अन् दोघं चहा आणायला गेले. अर्धा तास मी एकलीच, भानू. पाणी पायाशी, पिशवी हातात."

"मग तुम्हीच भरायची होती की!"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"हे तू म्हणतीस? तीस वर्षं समोर राहते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एकदा तरी बोलावलंस? बाया गेल्यावर डाळ धाडतीस. झाकून."

दर वर्षी त्या वाटीवर झाकण मीच ठेवलंय.

"सोमवारी त्याची बोट निघती," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे समुद्रात. अन् ओटी इथं, माझ्या पिशवीत."

मी म्हटलं, मुंबईला जाऊ, समुद्र तिथंही आहे. ओटी तुम्हीच भरा, मी नुसती शेजारी उभी राहते.

"आता सुचलं व्हय तुला," म्हणाल्या आणि उठल्या. चहाही घेतला नाही. पिशवी पाटावरच राहिली. नारळ कानाशी धरून हलवला तर पाणी वाजत नाही, पार आटलंय.

देवापुढं बसले, पण आज जप लागला नाही. वाती निम्म्याच पडल्यात. आता गुलमंडीवरच्या बाजारात जाऊन नवा नारळ आणायचा.