पिंपळाखालची वेडेलिया

आमच्या गावच्या बुद्ध विहारामागे सासऱ्यांनी लावलेला पिंपळ आहे. त्याच्याभोवतीचा मातीचा ओटा दर पावसाळ्यात थोडा वाहून जातो आणि मुळं उघडी पडतात. यंदा समितीने ओट्यावर सिमेंट घालून टाइल्स लावायचं ठरवलं. पेट्या आल्याही. बुंध्यापर्यंत सिमेंट गेलं तर झाड वाळेल, असं मी बैठकीत म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, मग उपाय सांगा. मी सांगितला: माती धरून ठेवणारी वेल लावू. बुद्ध पौर्णिमेआधी वळवाचा एखादा पाऊस येतोच. त्यात माती वाहिली तर खुशाल टाइल्स लावा, मी एक शब्द बोलणार नाही.

थंडी सरता सरता कोहमाऱ्याच्या नर्सरीतून वेडेलिया आणली. हिला पिवळी फुलं येतात, जमिनीला धरून पसरते, आणि पेरापेराला मूळ सोडते. आधी माती मोकळी केली, शेणखत घातलं, वीतभर अंतरावर कांड्या खोचल्या. पाणी सकाळी लवकर. ऊन चढल्यावर थेंबही नाही. शेंडा लांबला की खुडायचा, म्हणजे बाजूने फुटते. चैत्रात ओट्याच्या उतारावर हिरवं धरलं. मी रोज आभाळ बघायला लागले.

मग एका सकाळी पाइप घेऊन गेले, तर पायवाटेकडची खालची बाजू उघडी. मुळांसकट वेली पानांच्या ढिगात, आणि ढिगाजवळ मोठी माय काडेपेटी घेऊन उभी. मोठी माय म्हणजे सासऱ्यांची थोरली वहिनी. माझ्या लग्नाच्या आधीपासून विहाराचं अंगण तीच झाडते.

"हे काऊन उपटलं?" मी विचारलं.

"उपटलं कुठं? झाडलं. खराट्याले अटकून राहिलं होतं, निघून आलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "विहारात कसं सपाट, साफ पाहिजे. तू तं रान करून राहिली. उद्या साप निघाला तं त्याले पंचशील शिकवजो."

मी सिमेंटचं सांगितलं, झाडाचं सांगितलं. तिच्या मते शहरात रस्त्याकडेची झाडं काही मेली नव्हती, आणि टाइल्सवर खराटा बरा चालतो. तिला झाडू नको म्हणणं शक्य नव्हतं. झाडणं हीच तिची वंदना. ढिगातल्या जिवंत कांड्या तिच्यादेखत निवडून बादलीत घालून घरी नेल्या. वरच्या बाजूच्या वेली बांबूच्या कामट्यांचे आकडे करून जमिनीला घट्ट बसवल्या. दुसऱ्या दिवशी त्यातले काही आकडे पायरीवर नीट रचून ठेवलेले मिळाले. मी ते परत खोचले. दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. खालची बाजू उघडीच राहिली. तिथे काही लावलं की सकाळी ढिगात.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा एका दुपारी तिरोड्याकडून आभाळ काळं झालं. वारा सुटला, पत्रे वाजले, वीज गेली. मी दारात उभी राहून पाण्याचा रंग बघत होते. अंगणातून वाहणारं पाणी लाल होतं, पण ते ओट्याचं की रस्त्याचं, कसं कळणार?

पाऊस थांबताच गेले. अध्यक्ष आधीच पोचले होते. मोठी माय खराटा धरून बाजूला उभी होती. वेडेलिया होती तिथली माती जागची हलली नव्हती. खालच्या उघड्या बाजूने मात्र चिखलाचा ओघळ पायवाटेपर्यंत आला होता आणि मनगटाएवढं एक नवं मूळ बाहेर पडलं होतं.

"माती तर वाहिली, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. "शब्द तुमचाच होता."

होता. आणि एक शब्द बोलणार नाही, असंही मीच म्हटलं होतं.

मोठी माय त्या मुळाकडे बघत होती. हा पिंपळ वीतभर होता तेव्हा उन्हाळाभर डोक्यावरून पाण्याची गुंडी आणून तिनेच जगवला होता, हे सासरे नेहमी सांगत.

"तिची नाई वाहिली," ती म्हणाली. "मी झाडलं तिथली वाहिली. तिच्या आंगावर कायले टाकतोस?"

अध्यक्षांनी ओट्याला एक फेरी मारली, वरच्या वेली बोटांनी ओढून पाहिल्या. टाइल्सचं पावसाळ्यानंतर बघू, एवढंच बोलून गेले. पेट्या अजून भिंतीला टेकलेल्या आहेत.

मोठी माय खाली बसली आणि हातांनी चिखल ओढून त्या मुळावर थापायला लागली.

"बादलीतल्या काड्या जित्या हायेत का अजून?"

"काही आहेत."

"मंग आन. पाहून काय राहिली?"