शेट्येकाकांचे चार सूत

शेट्येकाका सगळं जग सुतात मोजायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. एकोणनव्वद साली आम्ही परळ सोडून भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. यांनी दारावर नावाची पाटी ठोकली, तर समोरच्या दारातले गृहस्थ म्हणाले, "उजवीकडे एक सूत खाली आहे." पट्टी लावून बघितली. होती. या माणसाशी जपून राहायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी एक लाल, दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार. जुन्या साहेबाने देश सोडताना दिलेली. जिथे सगळे स्टेशनला पायी जातात तिथे ही गाडी म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मोर. एका सीटवर काका, दुसऱ्या सीटवर मिंगेल. हा मिंगेल समुद्रकाठच्या उत्तन गावचा, भाईंदरला एका गाळ्यात लोखंड कातायचं स्वतःचं लेथ चालवायचा. काकांकडे येणारं माणूस एवढं एकच. दर रविवारी दोघं गाडीखाली आणि खिडकीतून चहा देणारी मी.

गाडीला मूळ मापाचे टायर मिळेनात, म्हणून काकांनी रुंद टायर चढवले. ते आतून घासायला लागले. चाक बाहेर सरकवायचं तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि चाक यांच्यामध्ये जाड चकती घालावी लागते. पुस्तकात तिला स्पेसर म्हणतात, हे दोघं पॅकिंग म्हणत. "चार सूत," काकांनी माप दिलं. मिंगेलने चकत्या कापून आणल्या, अगदी तंतोतंत. मग म्हणाला, "शेटे, चाक बाहेर आला तं ज्या बोल्टवर नट बसते तो स्टड पन लांब पायजे. नट तीनच आटे पकडते. थांब जरा, मी नवीन बनवतो."

"चाळीस वर्षं नट आवळलेत मी. बसतंय बरोबर."

मी कप विसळत होते. सगळं ऐकलं.

पुढच्याच रविवारी उत्तनच्या रस्त्यावर मागचं चाक निघालं आणि गाडी मिठागराच्या चिखलात गेली. दोघं थोडक्यात बचावले. बिल्डिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "त्या मिंगेलचं पॅकिंग खराब निघालं वाटतं." काका जिन्यातच उभे होते. गप्प राहिले. बातमीला पाय फुटले, गाळ्यागाळ्यांतून फिरली. मिंगेलकडे काम येईनासं झालं. वर्षभरात लेथ विकून तो उत्तनला जाऊन बसला.

"मी कुणाचं नाव घेतलं नाही, बाई," काका सांगायचे. मी शाळेत शिकवायचे म्हणून मला बाई म्हणत. "स्वतःचंही नाही घेतलंत," असं एकदा मी बोलून गेले. मग महिनाभर आमचा अबोला. खरं तर मीही तोंड उघडलं नव्हतंच. नवीन शेजार, कशाला वाईटपणा घ्या.

काकांनी दुसरीकडून लांब स्टड करून आणले, बसवले. गाडी ठणठणीत झाली. पण रविवारी हा माणूस एकटाच तिच्यात बसायचा, इंजिन चालू करायचा, थोड्या वेळाने बंद करून वर यायचा. बघून मला रागही यायचा आणि कीवही.

शहाण्णवमध्ये एकदा म्हणाले, "बाई, उत्तनला येता का सोबत?" गाडी खिडकीखालीच ठेवून बसने गेलो. मिंगेल अंगणात जाळं शिवत होता. बोंबलाचं झालं, गुडघ्यांचं झालं, नळाच्या पाण्याचं झालं. मधूनच काका घसा खाकरत, आणि मिंगेलचा हात जाळ्यावर थांबे. मग काका पुन्हा गुडघ्यांवर येत. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की सांगतो."

पुढची वेळ आली नाही. दिवाळीआधी काका झोपेतच गेले. खांदा द्यायला बिल्डिंगचेच लोक होते. मिंगेलला कुणी कळवलंच नाही, म्हणून आठवड्याने मीच उत्तनला गेले. काका गेल्याचं सांगितलं, आणि मग खिडकीतून काय ऐकलं होतं, मी का गप्प राहिले, सगळंच सांगून टाकलं.

मिंगेलने जाळं बाजूला ठेवलं.

"बाई, तुमी नका रडू. माझा लेथ गेला तो गेला," तो म्हणाला. "त्या दिवशी तो आला ना, तवाच मी बोलनार व्हतो, शेटे, जाऊ दे, रविवारी येतो. पन माला वाटला, पयला तो बोलेल."