यशोधरेचे पंधरा दिवस

यशोधरेच्या डोळ्यांना लेसर चालेल की नाही, एवढा साधा प्रश्न आमच्या घरात तीन वर्षं लोंबकळत राहिला. डॉक्टरीणबाई उत्तर द्यायला तयार होत्या. आम्हीच त्यांना ते देऊ दिलं नाही.

यशोधरा माझी नणंद. नगरला सावेडीतल्या एका शाळेत गणित शिकवते. लहानपणी कर्जतच्या शाळेत तिला फळ्यावरचं दिसेना, तर गुरुजींनी ती ढ आहे असं समजून मागच्या बाकावर बसवलं, म्हणजे दिसत होतं तेही दिसेना. पुढं चष्मा लागला आणि नंबर दरवर्षी वाढत गेला. तिनं त्याची कधी कुरकुर केली नाही. कुरकुर माझ्या सासूबाईंची. "जाड काचा बघून पावनं दारातूनच माघारी जात्यात," असं त्या माझ्या लग्नात मलाच सांगत होत्या. नोकरी लागल्यावर त्यांनी तिला कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला लावल्या आणि फर्मान काढलं, उंबऱ्याबाहेर चष्मा दिसता कामा नये. नगरच्या धुळीत ही पोरगी दिवसभर लेन्स घालून खडू झिजवायची आणि संध्याकाळी लालबुंद डोळे घेऊन यायची. माझं डोकं फिरायचं.

शहाण्णव साली शाळेत कुणीतरी सांगितलं, पुण्यात लेसरनं नंबर घालवतात. यशोधरा मला म्हणाली, "वहिनी, जमत असेल तर करू, नसेल तर सोडून देऊ. पण एकदाचं कळू दे." आम्ही दोघी पहाटेच्या एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लेन्स कधी काढल्यात?"

"आत्ता, बाहेर बाकावर."

त्या म्हणाल्या, लेन्सनं बुबुळाचा आकार बदलतो. तो मूळपदावर यायला पंधरा दिवस सलग नुसता चष्मा हवा. मग आकार आणि जाडी मोजायची, आणि मगच सांगता येईल. बुबुळ पातळ असलं तर लेसर करायचंच नसतं. हे सगळं मी घरी जसंच्या तसं सांगितलं.

सासूबाईंनी मान डोलावली. आठवडा गेला नाही तोच संगमनेरचे पाहुणे मुलगी बघायला आले. "तासभर घाल. तासाभरानं काय हुतंय?" सासूबाईंनी लेन्सची डबी तिच्या हातात कोंबली. दिवस पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेळी श्रीगोंद्याचे, त्याच्या पुढच्या वेळी राहुरीचे. एकदा तर तपासणीच्या आदल्या दिवशी लेन्स घातल्या आणि यशोधरेनं पुण्यात ते खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मशीनला हातही लावला नाही. परतीच्या गाडीत मी सासूबाईंना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. पाहुण्यांसाठी डोळे बरे करायचे, आणि पाहुण्यांमुळेच ते तपासायचे नाहीत, या कारभाराला काय म्हणावं?

नव्याण्णवच्या मेच्या सुट्टीत यशोधरेनं पुन्हा चष्मा लावला. पंधरा दिवस भरत आले आणि भिमाजीमामा निरोप न देता पाहुणे घेऊन हजर. सासूबाईंचे हे भाऊ, सगळी स्थळं तेच आणायचे. जयभीम झाला, पाणी झालं. यशोधरा तोंड धुऊन आली आणि काढून ठेवलेला चष्मा शोधू लागली, तर चष्मा गायब. लेन्सची डबी मात्र आरशापुढं उघडी ठेवलेली.

तिनं डबी बंद केली. पोह्यांचा ट्रे घेतला आणि तशीच, चष्म्याविना आणि लेन्सविना, बाहेर गेली. मधल्या स्टुलाला अडखळली. दोन बशा पाहुण्यांच्या धोतरावर.

"आई," ती उभ्या उभ्या म्हणाली, "माझा चष्मा दे."

सासूबाई मग उठल्या, आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून चष्मा काढून आणला. काचांना कोंडा चिकटला होता. यशोधरेनं पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि धोतरावरचे पोहे वेचायला बसली. पाहुण्यांचा नकार त्याच संध्याकाळी आला.

दोन दिवसांनी पुण्यात अखेर मोजमाप झालं. या वेळी सासूबाई हट्टानं बरोबर आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. बुबुळ पातळ आहे, लेसर करू नका. आणि डोळ्यांत कोरडेपणा एवढा आहे की लेन्सही बंद.

यशोधरा 'बरं' म्हणाली. मला रडू आलं. लेसर होणार नाही याचं वाईट वाटलंच, पण जास्त राग आला त्या तीन वर्षांच्या लाल डोळ्यांचा. पंधरा दिवसांत मिळणारं उत्तर होतं हे. परतीच्या गाडीत सासूबाई शिरूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

पावसाळ्यात भिमाजीमामा नवं स्थळ घेऊन आले. मी चहा गाळत होते. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आधी सांगून टाक त्यास्नी. पोरीला चष्मा हाय. लई जाड हाय. चालत आसंल तर या, न्हाईतर गाडीभाडं कशाला घालवता."

आतल्या खोलीत वह्या तपासत बसलेली यशोधरा तिथूनच म्हणाली, "मामा, नंबरही सांगा. उणे साडेनऊ."