मफलरचं दुसरं टोक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण दादा ही हकीकत सांगतो आणि लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात... ते आता सहन होत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही समुद्रकाठच्या नरपडचे, मासेमारीवाले. ओहोटीला चिखलातून जाळ्यांकडे जाताना मागचा माणूस पुढच्याच्या टॉवेलचं टोक धरतो. धुकं असो, अंधार असो — पुढच्यानं टॉवेल सोडायचा नाही. बाबांनी आम्हा दोघा भावांना असंच चालायला शिकवलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

२०१६ च्या नोव्हेंबरअखेर दादा, वहिनी आणि मी काश्मीरला गेलो. सोनमर्गच्या वरची हिमनदी बघायची होती. आभाळ भरलेलं. घोडेवाला म्हणाला, "साब, आज ऊपर मत जाओ." मीच हट्ट धरला... फोटोसाठी. वहिनी खाली चहाच्या टपरीतच थांबली.

"फोटो काय पंचायतीत लावणारेस?" दादा हसला, पण आला.

बर्फावर पोचलो आणि वारा सुटला. हातभर अंतरावरचं दिसेना. दादा मागून ओरडला, "टोक दे रे." मी गळ्यातला मफलर मागे सोडला, त्यानं धरला. थोडं चाललो. मग त्याचा पाय घसरला, मफलर माझ्या गळ्याला आवळला. मी घाबरलो... आणि तो काढून टाकला. मागे न बघता पळालो. हाका ऐकू येत होत्या.

टपरीत वहिनीनं विचारलं, "हे कुठेयत?"

"येतायत मागून," मी म्हटलं.

थोड्या वेळानं दादा खरंच आला. हातात मफलर. वहिनीला म्हणाला, "यानं दारापर्यंत ओढत आणलं गं. हळू म्हटलं की हळू चालायचा." मग माझ्याकडे वळून, "एवढा गप्प का होतास रे? आणि मला दाराशी टाकून आत कधी शिरलास?"

मी त्याच्या हातातला मफलर वाळत घालायला घेतला, तर दुसऱ्या टोकाला, दादानं धरलं नव्हतं त्या, काळा चिखल. ओला, खाऱ्या वासाचा, आमच्या किनाऱ्यावरचा असतो तसा. त्या बर्फात.

एक डॉक्टर मित्र म्हणतो, थंडीनं भास होतात. दादाला झाला असेल. चिखलाचं काय, ते त्यालाही सांगता येत नाही, मलाही नाही.

दादा अजून लग्नाकार्यात सांगतो, "धाकट्यानं टोक सोडलं नाही." मी ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत जातो. परवा ओहोटीला निघालो तेव्हा त्यानं सवयीनं माझ्या टॉवेलला हात घातला.

मी म्हटलं, "तू पुढे हो, दादा."