शोभाचं औषध डिचोलीच्या बाजाराइतकं जवळ

"औषध आणायला मला आता रजा काढावी लागत नाही," शोभा फोनवर म्हणाली, आणि मी गोव्याला जायचं ठरवलं. फिरायला नव्हे, तिचं बोलणं पडताळायला.

आम्हा दोघींना एचआयव्ही आहे. ओळखही आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेतच झालेली. पुढे तिच्या नवऱ्याला डिचोलीच्या खाणीवर काम मिळालं आणि ती तिथं जवळच साखळी गावात राहायला गेली.

आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून पेडण्यावरून म्हापसा, मग डिचोलीची बस. दोडामार्गाहून जवळ पडतं. पण पेडण्यात पातळ भाजी आणि गरम उंडे, म्हणजे कडक सालीचे पाव, खायचे तर हाच रस्ता धरा. डिचोलीत शिरताना मात्र खिडकी लावून घ्या. खनिजाच्या ट्रकांमागं लाल धूळ उठते.

दुसऱ्या दिवशी शोभानं डिचोलीच्या बाजारात बांगडे घेतले, पिशवी हातात घेऊनच दवाखान्यात गेली आणि औषध घेऊन बाहेर आली. त्याच कामाला मला अख्खा दिवस लागतो, शिवाय मालकाला सांगायला एक खोटं कारण.

"इथं औषध कसं मिळायला लागलं?" मी तिथल्या समुपदेशक बाईंना विचारलं.

"आधी सगळ्यांका लांब जावचा लागायचा," त्या म्हणाल्या. "तपासणीचे आकडे गावाप्रमाणे मांडले, तेव्हा कळला. खाणीकडचे लोक तपासून घेतत, पण औषधापर्यंत पोचत नाय. मग औषधच हंय डिचोलीत आणला."

"म्हणजे नावं सगळ्यांना कळतात?"

"नाय गो बाय. खंयच्या गावचे किती येतत, मध्येच किती सुटले, इतक्याच कळता."

"औषध द्यायच्या वेळा ठरवताना मलाबी बैठकीला बोलावत्यात," शोभा म्हणाली. ती सहज बोलली; मला ते सहज ऐकवलं नाही. आजार दोघींचा एकच, पण तिची गैरसोय कुणीतरी मोजली होती. संध्याकाळी तिनं केलेलं हुमण, बांगड्यांची आमटी, फार चांगलं झालं होतं. मी तसं म्हटलं नाही.

घरी आल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या पुढच्या खेपेला मी आमच्या समुपदेशकाला विचारलं, "आमच्या तालुक्यातले किती येतात, किती यायचे थांबले, बघितलंय कधी?"

त्यानं संगणकात बराच वेळ शोधलं. "बरेच होते, ताई. आता तिकडून तुम्ही एकट्याच येता."

"हे साहेबांना दाखवा," मी म्हणाले.

त्यानं दाखवलं. आमच्या तालुक्यात औषध अजून आलेलं नाही, विचार सुरू आहे म्हणतात. शोभाचा हेवा अजून वाटतो. आता तो त्या थांबलेल्यांच्या वतीनंही वाटतो.